रस्ता बंद करणारी बाई



आजची गोष्ट बर्फाची आहे. आपल्याकडे बर्फ म्हणजे जत्रेतल्या गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर लग्नात पाण्याच्या पिंपात टाकायची लादी. तरी मी आज अमेरिकेतल्या एका हिमवादळाबद्दल बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे आपलाच ओढा. ते आधी सांगते.

आमच्या एका गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला असते. गैरहजर राहणारीला दहा रुपये दंड. हा नियम गटानं केला असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, पण खरं सांगायचं तर तो मी सुचवला होता, आणि कडकपणे पाळायचा आग्रहही माझाच होता. मागच्या आषाढात पाच तारखेला सकाळपासून पाऊस लागला होता. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. पलीकडच्या वस्तीवरच्या सहा जणी एकमेकींचे हात धरून, साड्या गुडघ्यापर्यंत खोचून, त्या पाण्यातून आल्या. मध्यावर एकीचा पाय सरकला. मागचीनं पदर धरला म्हणून ती राहिली, पण तिच्या हातातली पिशवी गेली. पिशवीत सहाही जणींची पासबुकं होती.

समाजमंदिरात त्या ओल्याचिंब येऊन बसल्या तेव्हा मी रागावलेच. म्हटलं, "अगं, पाणी दिसत नव्हतं का? कशाला आलात?" त्यांच्यातल्या सगळ्यांत वडील मावशी पदर पिळत म्हणाल्या, "ताई, तुम्ही येऊ नका म्हणाला असता तर नसतो आलो. तुम्ही काही म्हणालाच नाहीत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाऊस मला दिसत होता, मोबाइल माझ्या हातात होता आणि सहाही जणींचे नंबर त्यात होते.

बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. तेव्हा लढाया आणि तह पाठ केले, रस्ते कधी आणि कुणी बंद केले हे कुणी शिकवलं नाही. त्या पाच तारखेनंतर मी अशा दिवसांबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता एका बाईपाशी येऊन थांबले. तिचं नाव एला ग्रासो.

एला ग्रासो ही अमेरिकेतल्या कनेक्टिकट नावाच्या राज्याची गव्हर्नर. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालांसारखं नेमलेलं पद नव्हे. लोक थेट मतं देऊन निवडतात, आणि कामाच्या दृष्टीनं तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा असतो. कनेक्टिकट हे राज्य छोटं आहे, आपल्या सोलापूर जिल्ह्याहूनही थोडं लहान. त्या काळी तिथं सुमारे तीस लाख लोक राहत होते. देशाच्या ईशान्येला, समुद्राला लागून हा मुलूख आहे आणि हिवाळ्यात तिथं बर्फ पडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

एलाचा जन्म १९१९ चा. आईवडील इटलीतून पोटासाठी आलेले. वडील बेकरीत पाव भाजायचे, आई गिरणीत काम करायची. मुलगी शिकली, एम.ए. झाली, राज्याच्या विधिमंडळात गेली, बारा वर्षं राज्याची सचिव राहिली, मग देशाच्या संसदेत गेली आणि १९७४ च्या निवडणुकीत गव्हर्नर म्हणून निवडून आली. अमेरिकेत तिच्याआधीही तीन बायका गव्हर्नर झाल्या होत्या, पण त्या तिघीही नवऱ्याच्या मागोमाग आलेल्या. कुणाचा नवरा पदावर असताना वारला, कुणाच्या नवऱ्याला उभं राहायला बंदी होती म्हणून बायको उभी केली. सरपंचाच्या खुर्चीत बाई आणि कारभार नवऱ्याकडे, हे आपल्याला काही नवीन नाही. तिकडेही तेच होतं. नवऱ्याच्या नावावर न चालता, स्वतःच्या बळावर निवडून आलेली पहिली स्त्री गव्हर्नर म्हणजे एला ग्रासो. त्याच वर्षांत आपल्या गोव्यात शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या, हे जाता जाता सांगून ठेवते.

तिची देवी करून मांडायची माझी इच्छा नाही. राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता, म्हणून तिनं स्वतःची पगारवाढ सरकारला परत केली, ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच काटकसरीत १९७५ च्या नाताळाच्या तोंडावर तिनं सुमारे पाचशे सरकारी कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केलं. ऐन सणात ज्यांच्या घरची चूल विझली त्यांनी तिला काय म्हटलं असेल ते आपण समजू शकतो. १९७८ उजाडलं तेव्हा ती काही फार लोकप्रिय नव्हती, आणि त्याच वर्षी निवडणूक होती. तिच्याच पक्षातला, तिच्या हाताखालचा उपगव्हर्नर तिच्याविरुद्ध उभा राहायच्या तयारीत होता.

तो हिवाळाही विचित्र होता. १८ जानेवारीला पहाटे राजधानी हार्टफर्ड शहरातल्या एका मोठ्या क्रीडागृहाचं छप्पर साचलेल्या बर्फाच्या वजनानं कोसळलं. आदल्या रात्रीच तिथं बास्केटबॉलचा सामना झाला होता आणि सुमारे पाच हजार माणसं त्याच छपराखाली बसून गेली होती. काही तासांचा फरक. पहाटे आत कुणी नव्हतं म्हणून एकही जीव गेला नाही. त्यानंतर आठवड्याभरातच दूर ओहायो राज्यात मोठं हिमवादळ झालं. तिथं एक ट्रकचालक ट्रकसकट बर्फाखाली गाडला गेला. सहा दिवसांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो जिवंत होता.

आणि मग सोमवार आला, ६ फेब्रुवारी १९७८.

हवामान खात्यानं इशारा दिला होता. वादळ येतंय, सोमवारी पहाटेपासून बर्फ सुरू होईल, असं सांगितलं होतं. लोक सकाळी उठले, खिडकीतून पाहिलं तर बर्फ नाही. आपल्याकडेही असंच होतं ना? रेडिओवर अतिवृष्टीचा इशारा येतो आणि बाहेर लख्ख ऊन पडलेलं असतं. मग आपण म्हणतो, यांचं काही खरं नाही. तिथंही लोक तेच म्हणाले आणि डबे घेऊन कामाला गेले. बर्फ पडायला लागला तो सकाळी उशिरा, सगळी माणसं घरापासून लांब कचेऱ्यांत आणि कारखान्यांत पोचल्यावर.

दुपारपर्यंत वारा वाढला. वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले. एरवी अशी वादळं काही तासांत पुढे सरकतात. हे सरकेना. उत्तरेकडे कॅनडात जास्त दाबाची थंड हवा भिंतीसारखी उभी होती, त्यामुळे वादळ किनाऱ्यावरच घोटाळत राहिलं. बोस्टन शहरात सुमारे तेहेतीस तास बर्फ पडत होता आणि २७ इंचांहून जास्त साचला. सत्तावीस इंच म्हणजे उभ्या बाईच्या मांडीपर्यंत. हा सपाट जागेचा हिशेब झाला. वाऱ्यानं बर्फ उडून जिथं ढीग लागले, तिथं माणूस उभा असला तरी दिसणार नाही एवढी उंची झाली. अमावस्येची भरती होती, तिनं समुद्रही किनाऱ्यावरच्या घरांत घुसला. त्यावर वेगळं बोलावं लागेल, आज मी रस्त्यापुरतंच बोलते.

रस्त्यावर काय झालं? मालकांनी, साहेबांनी पाहिलं की बर्फ वाढतोय, आणि दुपारी एकदमच सगळ्यांना सोडून दिलं. चांगल्याच मनानं सोडलं. पण एका वेळी सगळ्यांनी गाड्या बाहेर काढल्या आणि रस्ते भरले. बोस्टनला वळसा घालणारा एक मोठा महामार्ग आहे, रूट १२८ नावाचा. त्याच्यावर ट्रक घसरून आडवे झाले. ट्रकच्या मागे गाड्या, त्यांच्या मागे आणखी गाड्या. आता बर्फ बाजूला करायला तिकडे मोठे ट्रक असतात, पुढच्या बाजूला नांगराच्या फाळासारखं रुंद लोखंडी पातं लावलेले. पण ते ट्रकही त्याच रांगेत अडकले. रस्ता साफ करायचा तर गाड्या हलायला हव्यात आणि गाड्या हलायच्या तर रस्ता साफ हवा. बैलगाडी चिखलात रुतली तर मागून ढकलता येते. इथं ढकलणाऱ्यांचेच पाय बर्फात. त्या एका रस्त्यावर तीन हजारांवर मोटारी आणि पाचशेच्या आसपास ट्रक अडकून पडले. ताशी दोन-तीन इंचांनी बर्फ वाढत होता. काही लोक गाड्या सोडून चालत निघाले, काही गाडीतच बसून राहिले.

मैत्रिणींनो, गाडीत बसून राहिलेल्यांपैकी १४ जण त्या रस्त्यावर मेले, आणि ते गारठून मेले नाहीत. हे नीट ऐका, कारण ते आपल्याही उपयोगाचं आहे. थंडी वाजते म्हणून त्यांनी इंजिन चालू ठेवलं होतं, म्हणजे आतला हीटर चालू राहतो. मागे धूर सोडणारी नळी, सायलेन्सर, हळूहळू बर्फात बुजली. धुराला बाहेर जायला वाट राहिली नाही आणि तो गाडीत शिरला. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस झोपेतच जातो. थंडीच्या दिवसांत दार-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये असं आपल्या आज्या सांगायच्या, तो हाच वायू.

ही फार जुनी गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला हजारो गाड्या डोंगर चढून गेल्या. रात्रीत वादळ आलं, रस्ते बंद झाले, आणि अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ माणसं मेली. त्यांत लहान मुलं होती. पुढे चौकशी झाली, प्रशासनाचा निष्काळजीपणा समोर आला आणि अधिकाऱ्यांना पदावरून हटवलं. इशारा आधीच आलेला होता, पण डोंगराचा रस्ता वेळेवर कुणी बंद केला नाही. आपल्या गटांतल्या किती तरी जणींची मुलं हिवाळ्यात काश्मीर, मनालीला सहलीला जातात. दोन जणींचे मुलगे ट्रक घेऊन जम्मूच्या वाटेवर असतात. त्यांना एवढं तरी सांगून ठेवा: बर्फात गाडी अडकली तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, इंजिन सतत चालू ठेवायचं नाही, थोडा वेळ चालवून बंद करायचं, आणि एक काच बोटभर उघडी ठेवायची.

पुन्हा १९७८ मध्ये येऊ. शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्याचीही हीच गत होती. त्याची राजधानी प्रॉव्हिडन्स जवळजवळ आठवडाभर ठप्प होती. तिथले गव्हर्नर जोसेफ गॅराही चौकड्यांचा साधा शर्ट घालून टीव्हीवर येऊन लोकांशी बोलायचे. तो शर्ट तिथल्या लोकांच्या इतका लक्षात राहिला की वादळाचं नाव काढलं की शर्ट आठवतो. आणखी एक गंमत म्हणजे, तेव्हापासून तिथं बर्फाचा नुसता अंदाज आला तरी लोक दुकानात पाव आणि दुधासाठी झुंबड करतात. एकदा घरात पाव नव्हता, ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या उतरली. आपल्या सासवा अजून माळ्यावर एक डबा ज्वारीचा भरून ठेवतात ना, तसंच.

बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खासगी गाड्या चालवायलाच बंदी घातली. लोक पाठीवर पोतं टाकून, मुलांच्या घसरगाड्या ओढत, वाण्याच्या दुकानापर्यंत चालत गेले. ही बंदी जवळजवळ आठवडाभर राहिली. सैनिक आले, यंत्रं आली, एकेक गाडी उकरून काढली.

कनेक्टिकटमध्ये काही ठिकाणी जवळजवळ दोन फूट बर्फ पडला. हार्टफर्डला वादळाचं सगळं काम राज्याच्या शस्त्रागाराच्या इमारतीतून चालणार होतं. एला ग्रासो तिकडे निघाली तर वाटेत तिचीच गाडी बर्फात रुतली. ती उतरली आणि उरलेलं अंतर त्या वाऱ्यातून चालत गेली. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गाडीत बसलेल्या बाईला रस्ता कसा आहे ते खालून कागदावर कळलं असतं. हिला ते पायांना कळलं.

आणि तिनं राज्य बंद केलं. रस्ता बंद असल्याचा नुसता फलक लावला नाही, तर अधिकृत आदेश काढला. आणीबाणीच्या कामाखेरीज कुणीही रस्त्यावर गाडी आणायची नाही, कारखाने, दुकानं, कचेऱ्या बंद ठेवायच्या. तीन दिवस पूर्ण राज्याचे रस्ते बंद. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, बर्फ काढणारे ट्रक एवढेच चालू.

या आदेशाचे दोन परिणाम झाले. पहिला सगळ्यांना दिसणारा. रस्त्यावर गाड्या नाहीत म्हटल्यावर बर्फ काढणाऱ्या ट्रकना मोकळी वाट मिळाली. शेजारच्या राज्यांत पात्यापुढं आधी मोटारी काढाव्या लागत होत्या, इथं ते काम कमी झालं.

दुसरा परिणाम बाहेरून दिसत नाही. माझ्या मनात बसला तो हाच. समजा, त्या मंगळवारी हार्टफर्डजवळच्या एका गावात एक बाई कारखान्यात कामाला आहे. सकाळी उठून ती बाहेर बघते. रस्ता दिसत नाही. पण कारखाना चालू आहे की बंद, तिला ठाऊक नाही. गेली नाही तर खाडा. शेजारीण गेली आणि आपण नाही गेलो तर साहेब उद्या काय म्हणेल? "तुलाच बर्फ दिसला का?" अशा वेळी माणूस वादळाला कमी आणि खाड्याला जास्त भितो. तो घरी राहायचा निर्णय स्वतःच्या जिवावर घेऊच शकत नाही, कारण त्या निर्णयाची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते. गव्हर्नरनं सगळंच बंद म्हटल्यावर हा प्रश्नच उरला नाही. कुणी कामचुकार ठरलं नाही, कुणाला कुणाच्या आधी पोचून दाखवायचं नव्हतं. नंतर लिहिणाऱ्यांनीही हे नोंदवून ठेवलं आहे, की लोकांच्या मनावरचं कामावर जाण्याचं ओझं त्या आदेशानं उतरवलं.

यावर एक शंका मला स्वतःलाच आली. तीन दिवस सगळं बंद, मग रोजंदारीवाल्यांनी खायचं काय? ती शंका खरी आहे. बंदचा आदेश फुकट नसतो, आणि त्याची झळ ज्यांच्याकडे साठवण नाही त्यांना आधी लागते. टाळेबंदीच्या वेळी आपण ते डोळ्यांनी पाहिलं आहे, पायी निघालेली माणसं आपल्याच रस्त्यावरून गेली. म्हणून बंदी घालणाऱ्यानं ती किती दिवसांची, कशासाठी, आणि पोटाचं काय, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. पण १९७८ चे ते तीन दिवस वेगळे होते. रस्त्यावर दोन फूट बर्फ होता. आदेश नसता तरी बहुतेकांचा खाडा पडणारच होता. आदेश नसता तर फक्त एवढंच झालं असतं, की माणसं आधी निघाली असती आणि वाटेत अडकली असती.

त्या दिवसांत ती शस्त्रागारातच तळ ठोकून होती. हेलिकॉप्टरमधून राज्यभर फिरली. अशाच एका फेरीची आठवण सांगतात. खाली एका गावात कुणीतरी बर्फात पावलं आपटून आपटून मोठी अक्षरं उमटवली होती, "एला, मदत कर." गव्हर्नरसाहेब नाही, मॅडम नाही, नुसतं एला. आपल्याकडे बाया "ताई" म्हणून हाक मारतात, तशीच ती हाक. त्या वादळानंतर लोक तिला "मदर एला" म्हणायला लागले.

सगळ्या ईशान्य किनाऱ्यावर त्या वादळानं सुमारे शंभर माणसं गेली.

राजकारणाचाही भाग यात होता, तो लपवायला नको. डिसेंबर १९७३ मध्ये कनेक्टिकटमध्ये असंच एक बर्फाळ पावसाचं वादळ झालं होतं. विजेच्या तारांवर बर्फ गोठून त्या तुटल्या आणि हजारो घरं अंधारात, थंडीत गेली. तेव्हाचे गव्हर्नर राज्याबाहेर बर्फावर घसरण्याचा खेळ खेळायला गेलेले होते. लोकांनी ते लक्षात ठेवलं. एलानंही ठेवलं असणार. म्हणून ती चालत गेली ती केवळ चांगुलपणानं, असं मी म्हणणार नाही. पण मला त्याचं वाईटही वाटत नाही. मतांसाठी का होईना, पुढारी वादळात जागेवर सापडला तर लोकांचा फायदाच आहे. त्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत तिनं उपगव्हर्नरला हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये ती मोठ्या मताधिक्यानं पुन्हा निवडून आली. दुसरी मुदत मात्र पुरी झाली नाही. कर्करोगानं तब्येत ढासळली, १९८० च्या शेवटच्या दिवशी तिनं राजीनामा दिला आणि ५ फेब्रुवारी १९८१ ला ती गेली. त्या वादळाला तीन वर्षं व्हायला एक दिवस कमी होता.

रस्ता बंद करायचा तर तो वेळेवर करावा लागतो, हे तिथले लोकही पुढे विसरले. डिसेंबर २०२२, नाताळाच्या आधीचा शुक्रवार. न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे, बर्फासाठीच प्रसिद्ध. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता आणि तो अचूक होता. तरी वाहनबंदीचा आदेश निघाला तो त्या दिवशी सकाळी, आणि तो लागू व्हायला तासाभराचाही अवधी दिला नव्हता. तोवर सकाळच्या पाळीची माणसं कामावर पोचलेली. आता त्यांनी घरी कसं यायचं? त्या वादळात त्या भागात चाळीसहून जास्त माणसं मेली. त्यांत कामावरून घरी निघालेली एक तरुण मुलगी होती, गाडीतच अडकून गेली. घरच्यांना ती फोनवरून आपण कुठं आहोत ते कळवत होती. फोन पोचत होता, माणूस पोचत नव्हतं. नंतरच्या अहवालात बंदी उशिरा घातल्याबद्दल टीका झाली. आदल्या रात्री तोच आदेश निघाला असता तर ती मुलगी कदाचित घरीच राहिली असती. तिच्या साहेबालाही मग तिला बोलावता आलं नसतं.

१९७८ मध्ये दुपारी दोन-तीन तासांच्या उशिरानं हजारो गाड्या अडकल्या. २०२२ मध्ये एका रात्रीच्या उशिरानं. आमच्या ओढ्यावर तर उशीरही नव्हता, मी काही म्हणालेच नव्हते.

भाद्रपदात मी हे सगळं त्या गटाला सांगितलं. एला ग्रासोचं नाव मावशींना काही उच्चारता येईना, त्या "ती गरासूबाई" म्हणतात. पण गाडी सोडून चालत गेली म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "आणि दंडाचं काय?" म्हणजे अमेरिकेपर्यंत जाऊन मी शेवटी दहा रुपयांपाशीच आले.

त्या बैठकीत ठराव झाला. मी तो रजिस्टरमधून जसाच्या तसा वाचते. "फरशी पुलावर पाणी असल्यास त्या दिवसाची बैठक आपोआप रद्द समजावी व तीन दिवसांनी घ्यावी. दंड नाही, हप्ता उशिरा म्हणून व्याज नाही. पाणी आहे की नाही हे वस्तीवरच्या सभासदांनी ठरवावे व समन्वयक ताईंनी सकाळी सात वाजण्याच्या आत सर्वांना फोन करावा. फोन न केल्यास ताईंना दंड वीस रुपये."

हे शेवटचं वाक्य मावशींनी घातलं. मी सही केली.

परतीच्या पावसात एक बैठक पुढे गेली. त्या दिवशी मी पावणेसातलाच फोन लावले. तिघींनी उचलले, दोघींचे मोबाइल बंद होते, म्हणून त्यांच्या शेजारच्या घरी निरोप दिला. दंडाचा रकाना कोरा आहे. पासबुकं मात्र अजून नवी मिळालेली नाहीत. प्रत्येकीनं स्वतः अर्ज घेऊन यावं असं सांगितलंय, तेव्हा येत्या सोमवारी पलीकडच्या सहाही जणींनी एसटीच्या सकाळच्या गाडीनं यायचं आहे. आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो बरोबर घ्या. पाऊस असला तर येऊ नका, मी फोन करेन.